बाबा झोपलेत, हळू मारा

मोबाइलवर बंदुका चालवणाऱ्या पोरांची मनं सांभाळायचं काम मी घेतलं तेव्हा मी साठीची होते, म्हणजे तशी लहानच. अक्कल यायची होती. क्रिकेटवाले, कबड्डीवाले, मल्लखांबवाले अशा सगळ्यांची डोकी तपासून झाली होती, नावामागे डॉक्टरेट होती आणि ‘खेळ कुठलाही असो, मन तेच’ हे वाक्य मी भाषणात टाळ्यांसाठी राखून ठेवलं होतं. तेव्हाची ती मी आज मला भेटली तर आधी तिला खुर्ची देईन आणि मग गप्प बसायला सांगेन.

टीम परळला एका नव्या टॉवरमधल्या फ्लॅटवर सराव करायची. तीन मुलगे, एक मुलगी. खेळ असा, की चौघांनी एका बेटावर उतरायचं, समोर येईल त्याला टिपायचं आणि शेवटपर्यंत जिवंत राहायचं. मुलीने उंचावर बसून चौफेर नजर ठेवायची आणि शत्रू कुठून येतोय ते बाकीच्यांना सांगायचं. याला ते ‘कॉल देणं’ म्हणत. ती कॉलच देत नाही, ही तक्रार होती.

“मॅडम, ऐन वेळी फ्रीज होते ती,” मॅनेजर म्हणाला. तिशीच्या आतला, एका कानात कायम काहीतरी खुपसलेलं. “पुढच्या महिन्यात क्वालिफायर आहे, तो पार केला तरच मोठ्या स्पर्धेत एन्ट्री. तोपर्यंत तोंड उघडलं नाही तर तिच्या जागी दुसरा घेणार. तुम्ही बघा काय ते.”

“तिचं काय म्हणणं आहे?”

“तेच ना मॅडम. काही म्हणतच नाही.”

मी हेडफोन लावून एक सामना ऐकला. “लेफ्ट, लेफ्ट! अरे मेलो ना भाई! उचल ना मला, कुठे मेलायस?” दिवाळीच्या आदल्या दिवशी दादरच्या फूलबाजारात याहून शांतता असते. मुलीचा मात्र हूं की चूं नाही.

माझं निदान हेडफोन काढायच्या आत तयार होतं. तीन मुलगे आणि एक मुलगी, म्हणजे दबलेला आवाज! तरुणपणी मोर्चांत घसा फोडलेली मी, असं प्रकरण समोर आलं की मला पुरणपोळी वाढल्यासारखं व्हायचं. मी तिन्ही मुलग्यांना ओळीने बसवलं आणि स्त्रियांच्या आवाजावर मोठं व्याख्यान झोडलं.

“आजी, पण आम्ही तिला कधीच काही बोललो नाही,” एक जण रडवेला होऊन म्हणाला.

“तेच तर!” मी गरजले. काय तेच तर, ते मला अजून कळलेलं नाही.

मग मुलीला सकाळी शिवाजी पार्कात नेलं. म्हटलं, ओरड. छाती भरून ओरड.

ती माझ्या कानाशी आली. “काय ओरडू?”

“शत्रू आला, असं ओरड.”

“शत्रू आला,” ती म्हणाली. देवळात कुणाचं ध्यान लागलेलं असताना चप्पल कुठे ठेवलीत विचारावं, तशी. फेरी मारणारे एक आजोबा थांबले. “पोरीचं काही हरवलंय का हो?”

“हो, आवाज,” मी म्हटलं आणि त्यांनी खरोखरच गवतात पाहिलं. माझं डोकं फिरायचं बाकी होतं.

मी श्वास शिकवले. डोळे मिटून सामना जिंकल्याचं चित्र बघायला लावलं. पोर सगळं निमूट करायची आणि सामन्यात पुन्हा तेच. क्वालिफायर आठवड्यावर आला तेव्हा मॅनेजरने दुसऱ्या एका मुलाला चाचणीला बोलावलं. आता निदान तिच्या आईवडिलांना आपण सांगावं, म्हणून मी भर दुपारी लालबागला तिच्या चाळीत गेले.

दार उघडंच होतं. “नमस्कार!” मी माझ्या व्याख्यानाच्या आवाजात म्हटलं. तिची आई ओठांवर बोट ठेवून धावत आली.

“हळू गो बाय! ह्यांचो आत्ताच डोळो लागलो.”

खोलीत कॉटवर एक माणूस डोक्यापर्यंत चादर ओढून झोपलेला. मॉलवर रात्रपाळीचा सिक्युरिटी गार्ड. तो घरी येऊन झोपला की सगळं घर पुटपुटायला लागायचं, ते तो उठेपर्यंत. टीव्ही मुका करून आई मालिका बघत होती. कुकर शिट्टीपुरता शेजारणीकडे जायचा आणि परत यायचा. मोरीच्या कठड्याला टेकून मुलगी सराव करत होती. तिचे ओठ भराभर हलत होते.

मी खाली बसले, कान जवळ नेला. “डावीकडे दोघं, गोठ्यामागे. थांब, अजून एक. आता नको, आता नको. मार.” सगळे कॉल, एकही न चुकता. आणि धोका जितका मोठा तितका आवाज बारीक, कारण ती याच खोलीत शिकलेली, ऐन हाणामारीत ओरडलं की बाबा उठणार.

“अगं, म्हणजे तू सामन्यातही बोलतेस?” मीसुद्धा कुजबुजायला लागले होते.

“बोलते की. त्यांना ऐकू येत नाही. मला ऐकायला त्यांनी हेडफोन मोठा केला की एकमेकांचा आवाज पण वाढतो, मग ते अजून ओरडतात.”

“मग मला का नाही सांगितलंस?”

“सांगितलं होतं, मॅडम. तुम्ही तेव्हा भाषण देत होता.”

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिन्ही मुलग्यांना त्या खोलीत आणून बसवलं. तिला ओरडायला शिकवायला वेळ नव्हता आणि मला तशी इच्छाही उरली नव्हती. पहिल्याच डावात एक जण किंचाळला, “मेलो!” चादर फेकून वडील उठून बसले. “कोण गेला?” आईने त्या मुलाला दंडाला धरून गॅलरीत उभं केलं. तिने चहा दिला, पण बाहेरच. मी इतकी वर्षं शिस्तीचे वर्ग घेतले, एवढा झटपट निकाल कधी मिळाला नाही.

रोज दुपारी तेच. मुलगे हळूहळू खालच्या पट्टीत आले. एक दिवस त्यातला एक दचकून म्हणाला, “अरे, ही किती बोलते!”

क्वालिफायर शीवच्या एका हॉलमध्ये होता. मॅनेजरने मला एक हेडफोन दिला. बाकीच्या टीम बेंबीच्या देठापासून ओरडत होत्या. आमचे चौघे पूजेला बसल्यासारखे. शेवटच्या डावात ती म्हणाली, “मागे. टाकीच्या पलीकडे. दोघं.” तिघेही एकदम वळले. नाहीतर तिथेच संपले असते. शेवटच्या जागेवर का होईना, टीम आत गेली.

मॅनेजर घाम पुसत आला. “ती राहणार मॅडम, विषय संपला. पण एक प्रॉब्लेम आहे.”

“आता काय रे?”

“क्वालिफाय झाल्यावर पण कुणी ओरडलं नाही. क्लिप काय टाकू? पब्लिकला जोश लागतो. तुम्ही यांना जरा ओरडायला शिकवाल का?”

मी कपाळावर हात मारला. मुलगी काहीतरी म्हणाली. मला एक अक्षर ऐकू आलं नाही. तिघे मुलगे मात्र पोट धरून हसायला लागले.

“काय म्हणाली रे?”

“म्हणतेय, उद्या दुपारी ह्याला पण घरी घेऊन या.”