आक्काचा पासवर्ड

आमच्या गल्लीतल्या तालमीत पेपर यायचा एक आणि वाचणारे पंधरा. मी शाळेत असताना, म्हणजे नव्वदीत, कट्ट्यावर रोज सकाळी पेपरची पानं सुटी व्हायची. खेळाचं पान एकाकडं, मधलं दुसऱ्याकडं. एखादा अख्खा पेपर धरून बसला, की लगेच कुणीतरी ओरडायचं, "बापाचा हाय काय रं पेपर?" ही शिकवण माझ्या अंगात मुरली. तिनंच घात केला असं म्हणायची सोय आहे, पण घात मी केला.

आक्का, माझी मोठी बहीण, एम.ए. होऊन पाच वर्षं सरकारी परीक्षा देत होती. दोन हजार पाच-सहाच्या सुमाराला एकदाची लेखी पास झाली. पुण्याची मुलाखत तेवढी राहिली. वयाच्या अटीमुळं ही शेवटचीच संधी. आबांनी, आमच्या वडिलांनी, तिला सरळ सांगितलं होतं, "नोकरी लागली तर तुझ्या मनासारखं. न्हाय लागली तर जयसिंगपूरचं स्थळ." ते स्थळ बिजवर होतं आणि आक्काला अजिबात नको होतं.

पोस्टाच्या पत्राचा भरवसा नव्हता. म्हणून तिनं शिकवण्यांच्या पैशातून भरतीच्या बातम्या देणाऱ्या एका वेबसाइटची वर्गणी भरली. तारखा, बदल, सगळं तिथं आधी यायचं. घरी कॉम्प्युटर नव्हता. ती रोज स्टँडजवळच्या सायबर कॅफेत जाऊन बघायची. एक दिवस तापानं पडली आणि पासवर्ड कागदावर लिहून तिनं मला पाठवलं.

नवीन काही नव्हतं. येताना तालमीत भरतीची वाट बघणारी चार पोरं भेटली. खिशात पासवर्ड आणि मी गप्प बसणार? खडू घेतला आणि मयताची वेळ, मीटिंगची सूचना लिहायच्या फळ्यावर तो लिहून टाकला. पोरांनी पाठ थोपटली. मला फार भारी वाटलं, हे कबूल केलं पाहिजे.

वेबसाइटचा नियम होता, एका वर्गणीवर एका वेळी एकच कॉम्प्युटर. दुसऱ्या दिवशी गावातल्या पाच-सहा कॅफेंतनं पोरांनी एकदमच उघडलं आणि खातं बंद पडलं. आक्का बरी होऊन कॅफेत गेली, तर पडद्यावर 'खातं बंद' एवढंच लिहिलेलं. परतताना तिनं फळा बघितला. अक्षर माझं.

तिनं वेबसाइटवाल्यांना ईमेल केला. मुलाखतीला महिना होता, म्हणून उत्तराची वाट बघत थांबली. खातं आठ दिवसांनी उघडलं. तेवढ्यात मुलाखत अलीकडं ओढल्याची बातमी येऊन गेली होती आणि मुलाखतही होऊन गेली होती. कळवणारं सरकारी पत्र त्यानंतर दोन दिवसांनी आलं.

आबा तालमीकडं कधी फिरकत नसत. त्यांनी घरात विचारलं, "पासवर्ड भाईर गेला कसा?"

आक्का म्हणाली, "मीच दिला. मैत्रिणीला."

दोन महिन्यांत जयसिंगपूरला तिचं लग्न लागलं. मांडवात अक्षता टाकताना मला तिच्याकडं बघवलं नाही. आबा मात्र पाहुण्यारावळ्यांत सांगत राहिले, की पोरगीच गाफील निघाली. मी मिठाची गुळणी धरून बसलो.

तीन वर्षांनी आबा अंथरुणाला खिळले. आक्का एसटीनं बघायला आली, उशाशी बसली. त्यांनी तिच्याकडं नीट बघितलंही नाही.

"एवढी शिकलीस, आन् हातची नोकरी घालवलीस की गं," म्हणाले.

मी पायाशी उभा होतो. माझे ओठ हलले असावेत. आक्कानं माझ्याकडं बघून मान हलवली, नको म्हणून. आबा चार दिवसांनी गेले.

तिनं अडवलं म्हणून मी बोललो नाही, असं मी स्वतःला सांगत आलोय. खरं म्हणजे तिनं मान हलवली, तेव्हा मला हायसं वाटलं होतं.