न थकलेले पाय

ज्या दिवशी माझं चालणं होत नाही, त्या दिवशी मला झोप येत नाही. हे मी आता फारसं कुणाला सांगत नाही, कारण ऐकणाऱ्याला ते लाडाचं दुखणं वाटतं. "दिवसभर वर्गात उभ्या असता, मग थकत कशा नाही?" असं शाळेतल्या एका सहकारी बाईंनी विचारलं होतं. थकते की. डोकं थकतं, घसा बसतो, डोळे चुरचुरतात. पण अंथरुणावर पडलं की पाय जागेच असतात, आणि ते जागे असले की बाकीच्या देहाला झोपू देत नाहीत.

लहानपणी असं नव्हतं. आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावाकडचं. हायस्कूल पुढच्या गावात, जाणं-येणं पायी. सुटीच्या दिवशी धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, वाकून रोवणा करायचा, रोपं लावायची. संध्याकाळी जेवताना डोळे मिटायचे आणि आई हाताला धरून उरलेला भात खायला लावायची. झोप येते किंवा येत नाही, असं काही असतं हेच मला माहीत नव्हतं. नोकरी लागली, स्कूटी आली, बसून करायची कामं वाढली आणि झोप कधी उडाली ते कळलंही नाही. नवरा घुग्घुसला कोळशाच्या खाणीत, शिफ्टभर पायी फिरायचं काम. त्याला कुठल्याही शिफ्टनंतर, भर दुपारी, बाहेर ट्रकांचा गोंगाट असताना, डोकं टेकलं की झोप. मी शेजारी बसून त्याच्या छातीची खालीवर होणारी हालचाल बघत राहायची. राग यायचा त्याचा. त्यात त्याचा काही दोष नव्हता.

मग माझी बदली सिंदेवाहीकडच्या एका गावात झाली. गाव जंगलाला लागून. घुग्घुसहून रोज जाणं-येणं जमणार नव्हतं, म्हणून तिथेच खोली घेतली. घरमालकीण सत्तरीच्या पुढची, एकटी. तिचा मुलगा सूरजागडच्या लोहखनिजाच्या ट्रकवर ड्रायव्हर होता आणि बायकोसोबत एटापल्लीला राहायचा. मी तिला मावशी म्हणायची, ती मला मॅडम. आमच्या दोघींच्या खोल्यांच्या मध्ये एकच मातीची भिंत.

काही दिवसांनी सकाळी नळावर तिनं मला विचारलं, "मॅडम, रातभर कायले जागता वो तुमी?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"तुमी कूस बदलली का खाट करकरते. भितीतून आयकू येते मले."

"झोप नाही येत, मावशी."

"चालता काय?"

"शाळेत उभीच तर असते दिवसभर."

"उभं राहनं म्हंजे चालनं नोहोय. बैलही उभा राह्यते गोठ्यात. आज संध्याकाळी या माह्यासंग."

ती रोज संध्याकाळी गावाबाहेर बोडीवर जायची. बोडी म्हणजे आमच्याकडचा लहान तलाव. त्याची लांब मातीची पाळ ओलांडली की पलीकडे तिची धानाची बांधी. ती बांधी खरं तर दुसरंच कुणी बटईनं करत होतं, तिला तिथं काही काम नव्हतं. जायची, बांधावर उभी राहायची, एखादं तण उपटायची आणि परत फिरायची. लुगडं वर खोचलेलं, हातात काठी, पायांत काही नाही. जाताना बोलायची नाही. "चालतानी बोललं त दम जाते," म्हणायची. येताना मात्र तोंड थांबायचं नाही. पाळीवरचं मोहाचं कुठलं झाड कुणाच्या आजोबाचं, कोणत्या साली बोडी फुटली होती, सगळं सांगायची.

पहिल्या दिवशी माझ्या पोटऱ्या भरून आल्या. घरी येऊन भात-वरण खाल्लं, जरा टेकते म्हणून आडवी झाले आणि सकाळी जाग आली तेव्हा खोलीतला बल्ब तसाच जळत होता. मावशी दारात उभी होती. "खाट नाई वाजली आज," एवढंच म्हणाली.

तिथून पुढे ते आमचं रोजचंच झालं. आणि न चाललेले दिवस मला वेगळे ओळखू येऊ लागले. चंद्रपूरला प्रशिक्षण असलं की दिवसभर खुर्चीत. पावसाची झड लागली की पाळ निसरडी. दिवाळीत घुग्घुसला गेले की रस्त्यावर ट्रक आणि धूळ, चालायला जागाच नाही. अशा दिवसांनंतर परतले की मावशी माझ्या तोंडाकडे बघून विचारायची, "नाई चालल्या न?"

वाघ त्या जंगलात नवा नव्हता. पाळीच्या कडेला ओल्या मातीत पंजे उमटलेले दिसायचे. मी थबकायची. मावशी काठीनं त्याभोवती एक रेघ ओढायची आणि "गेला असंन" म्हणून पुढं निघायची. पण एका वर्षी धान पिवळं पडायच्या सुमारास आमच्याच गल्लीतला एक माणूस बांधीच्या धुऱ्यावर, कडेच्या बांधावर, गवत कापायला गेला आणि संध्याकाळी परत आला नाही. सकाळी लोकांना तो सापडला. कसा सापडला ते मी इथं लिहीत नाही. त्याची मुलगी माझ्या वर्गात तिसरीत होती. तेरवी झाल्यावर ती शाळेत आली, नेहमीच्या जागी बसली आणि दप्तर मांडीवर घट्ट धरून दिवसभर तशीच राहिली.  

जंगलखात्याची गाडी भोंगा लावून गावातून फिरली. एकट्यानं जाऊ नका, उन्हं उतरायच्या आत घरी या. पाळीवरच्या झाडांना कॅमेरे बांधले, पलीकडे पिंजरा ठेवला. लोकांनी घोळक्यानं, डबे बडवत धान कापलं. संध्याकाळी गाव दारं लावून बसू लागलं.

आमचं चालणं थांबलं आणि पाठोपाठ झोप गेली. माझी गेली त्याचं मला नवल वाटलं नाही. पण आता भिंतीपलीकडून मावशीची खाटही वाजत होती. इतकी वर्षं ती रोज चालत आली होती, त्यामुळे न चालता आपलं काय होतं हे तिला कधी कळलंच नव्हतं. आपल्याला काहीतरी रोग झाला अशी तिची समजूत झाली.

"मावशी, शाळेच्या मैदानात या. भिंत आहे तिथं. गोल फिरू."

ती एकदा आली. दोन फेऱ्या मारल्या आणि झेंड्याच्या ओट्यावर जाऊन बसली. "हे का चालनं होय? कुठी पोहचाचंच नाई त पाय कायले उचलाचे?"

मी फिरत राहिले. पोरं फाटकातून बघून हसायची. मला त्या फेऱ्यांनी थोडी झोप मिळायची, तुटकी, पण मिळायची. तिनं पुन्हा मैदानात पाऊल ठेवलं नाही. दिवसभर ओसरीत बसून राहायची. दुपारी बसल्या बसल्या डुलकी लागायची आणि दचकून जागी व्हायची. दिवाळीला तिनं अंगण सारवलं नाही. जेवणावरची वासना उडाली. एकदा मी शाळेतून आले तर मला म्हणाली, "आज शाळेत नाई गेल्या का?" मी हातातली पिशवी दाखवली. ती खजील होऊन हसली. मला मात्र त्या हसण्याची धास्ती वाटली.

थंडी सुरू झाल्यावर एक दिवस शाळेतून आले तर दार उघडं आणि मावशी नाही. कोपऱ्यातली काठीही नाही. मला लगेच कळलं. शेजारच्या भाऊंना हाक मारली. ते आणि आणखी दोघं काठ्या, कुऱ्हाड घेऊन निघाले, मी मागे. पाळीवर इतक्या दिवसांत गवत माजलं होतं. पुढचा माणूस डबा बडवत होता. ती पाळीच्या टोकाशी बसली होती. पाण्याकडे तोंड, पाय सरळ पसरलेले.

भाऊ चिडून म्हणाले, "बाई, मराचं हाये का तुले?"

"नाई न बापा. मराचं असतं त खाटेवर पडली राह्यली असती," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "पाय मोकळे झाले वो मॅडम. लय बरं वाटून राह्यलं."

परत येताना ती माझा हात धरून चालली. तिचा हात गरम होता. बऱ्याच दिवसांनी तिनं बडबड केली, जाताना नाही बोलले म्हणून आता बोलते, असं स्वतःच म्हणाली. त्या रात्री भिंतीपलीकडून काही आवाज आला नाही. मी मात्र पडून तो नसलेला आवाज ऐकत होते. आपणही धावतपळत पाळीवर जाऊन आलो, म्हणून मलाही झोप लागायला हवी होती. भीतीनं चाललेलं चालणं बहुतेक मोजलं जात नसावं.

मुलाला कुणीतरी फोन केला. दोन दिवसांनी तो आला. चांगला माणूस, आवाज न चढवणारा. आईपाशी बसून त्यानं समजावलं, "तुले काई झालं त लोक मले काय म्हन्तीन? मीही रस्त्यावरच असतो. कोन पाहीन तुह्याकडं?" तिनं वाद घातला नाही. लुगडी गाठोड्यात बांधली. काठी न्यायला विसरली, की मुद्दाम ठेवली, कोण जाणे. गाडीत बसताना मला म्हणाली, "खोलीचं पाहा. अन् चालत जा."

वाघ उन्हाळ्याच्या तोंडावर पिंजऱ्यात सापडला. अख्खं गाव बघायला गेलं. मी गेले नाही. त्या दिवशी मी तिला फोन लावला.

"मावशी, वाघ धरला. या आता परत."

पलीकडे ट्रकांचा आवाज. मग ती म्हणाली, "आता कुठी वो. पाय नाई उठत."

मी सुटीत एटापल्लीला गेले. बस आलापल्लीपर्यंत, तिथून दुसरी. रस्त्याकडेची झाडं खनिजाच्या धुळीनं पानापानावर लाल झालेली. मुलाची खोली अगदी रस्त्यालगत. खनिजाचा ट्रक गेला की भांडी हलायची. मावशी खाटेवर होती. मी तिचे पाय पाहिले. पोटऱ्या नाहीशाच झाल्या होत्या, कातडी नडगीला चिकटलेली.

सून म्हणाली, "दिवसा झोपते, रातच्याले उठून बसते. दारापर्यंत चाल म्हनलं त म्हन्ते, बाहेर का हाये?"

मी तिला उठवलं. एका बाजूनं मी, दुसऱ्या बाजूनं सून. दारापर्यंत आलो. तिनं उंबऱ्यावरून रस्ता बघितला. एक ट्रक गेला, मागून दुसरा, तोंडात धूळ गेली. "चाला मागं," ती म्हणाली. खाटेवर बसवल्यावर तिला धाप लागली. नंतर तिनं मला बोडीत पाणी किती आहे ते विचारलं. मी सांगितलं. बांधीत यंदा कोणतं बी टाकणार ते विचारलं. ते मला माहीत नव्हतं. निघताना तिनं माझा हात धरून ठेवला आणि हळूच विचारलं, "तुमाले येते न झोप?"

"येते, मावशी."

"बरं हाये मंग."

ती पावसाळ्यात गेली. मुलाचा फोन शाळेत आला. म्हणाला, काही आजार असा नव्हता, डॉक्टरही म्हातारपणच म्हणाले. शेवटी शेवटी पाय दाबून द्या म्हणायची, आणि दाबताना तेवढा डोळा लागायचा.  मग म्हणाला, "मी तिले नेलं नसतं त, मॅडम?"  वाघ होता ना, म्हणाले मी. ते खरंही होतं.

पुढच्या वर्षी माझी बदली घुग्घुसजवळ झाली. आता नवऱ्याजवळ राहते. सकाळी लवकर उठून क्वार्टरच्या गच्चीवर फेऱ्या मारते. कोळशाची काळी पूड तळव्यांना लागते, पायरीवर पाय धुवावे लागतात. गच्चीचं टोक आलं की वळायचं, पुन्हा टोक, पुन्हा वळायचं. नवरा म्हणतो, होतंय ना चालणं, मग तक्रार कसली? तक्रार नाही. बहुतेक दिवशी झोप लागते. ज्या दिवशी शाळेत काम वाढतं, पाऊस असतो किंवा उगाचच उठवत नाही, त्या दिवशी मी पडून राहते आणि शेजारी त्याचा श्वास ऐकते. हल्ली त्याचा राग येत नाही. निवृत्तीला त्याची थोडीच वर्षं राहिली आहेत. खाणीतली पायपीट संपल्यावर ह्या माणसाचं काय होईल, हे मात्र अशा वेळी मनातून जात नाही.