गरजेपुरती वेबसाइट

वेताच्या खुर्च्या विणणाऱ्या त्या बाईला सगळा रस्ता ‘वेतताई’ म्हणायचा. दुकान म्हणजे एक खोली, पुढे बाक, मागे पाण्याचा टब आणि त्यात मऊ व्हायला घातलेला वेत. ताईचे हात सदा ओले आणि तोंड सदा चालू. तिच्या तोंडी लागायची कुणाची टाप नव्हती. धाकट्या भावापुढे मात्र ती विरघळायची. आई गेल्यावर तिनंच त्याला लहानाचा मोठा केला होता, शिकवला होता.

भावानं दुकानाची वेबसाइट करायला घेतली आणि घोडं अडलं. आज रंग पसंत नाही, उद्या अक्षरं. शेवटी ताई कावली.

"अरे, खुर्ची आधी बसण्यापुरती विणायची, नक्षी मागाहून! फोटो टाक, फोन नंबर टाक, ऑर्डरचं बटण टाक आणि कर चालू."

"आणि खुर्च्या कोण विणतं, ते पान?"

"ते मागाहून. मी कुठं पळून चाललेय?"

नंबर त्याचाच दिला. ओल्या हातांनी हिनं फोन कसा घ्यायचा?

वेबसाइट चालू झाली आणि खरंच चालली. खुर्च्यांची रीघ लागली. ताईला जेवायला फुरसत नव्हती, पण येईल त्याला सांगायची, "सगळी माझ्या भावाची करामत!" त्या पानाची तिनं मध्ये आठवण केली. "घेतोय ग करायला," तो म्हणाला. तिनं परत विचारलं नाही. आपल्याच माणसावर कुणी पहारा ठेवतं का?

एके दुपारी एक आजीबाई आपली खुर्ची घेऊन थेट दुकानात आल्या. बाकाजवळच्या खुर्चीची वीण चाचपून म्हणाल्या, "छान विणता हो. सरांनी शिकवलं?"

"कोण सर?"

आजींनी मोबाइल पुढे धरला. ते पान झालं होतं. त्यावर भाऊ होता, ताईच्या बाकावर बसलेला, पुढ्यात तिची अर्धवट विणलेली खुर्ची. खाली लिहिलं होतं, ‘आईजवळ बसून मी लहानपणीच ही कला शिकलो.’ आईजवळ बसून शिकली होती ती. हा तेव्हा पाळण्यात होता. ताईचं नाव पानावर कुठंच नव्हतं.

परक्यानं केलं असतं तर तिनं त्याचे वाभाडे काढले असते. इथं राग मागाहून आला, आधी रडू आलं. तिनं भावाला फोन लावला.

"मी कुठंय रे त्यात?"

तो गडबडला. मग म्हणाला, "ताई, लोकांना एकच चेहरा लागतो ग. तूच नाही का म्हणालीस, गरजेपुरतंच ठेव?"

म्हणाली होती. तेच झोंबलं.

"ताई, ऐकतेस ना? उद्याच्या खुर्च्या होतायत ना?"

तिनं फोन ठेवला. एका खुर्चीपुरता वेत टबात राहू दिला, बाकीचा उपसून दारात उन्हात टाकला. वाळलेला वेत विणायला गेलं की तडकतो.

"आजी, बसा," ती म्हणाली. "तुमची तेवढी देते विणून. बाकीच्या सरांना विणू दे."