पहिल्या वर्षाचा मोहोर

आमच्या घरात सफरचंद म्हणजे आजारपण. लहानपणी कुणाला ताप आला की वडील बाजारातून सफरचंद आणायचे. आई त्याच्या फोडी करून आजाऱ्याला द्यायची आणि साली स्वतः खायची. आंब्या-फणसात वाढलेल्या माणसांचं सफरचंदाशी याहून जास्त देणंघेणं असायचं कारण नव्हतं. त्यामुळे पालीजवळच्या रोपवाटिकेतून मी उष्ण हवेत येणाऱ्या सफरचंदाचं कलम आणलं, तेव्हा शेजारच्या बागायतदाराने "आता काश्मीरला हापूस लावा" म्हणून माझी यथेच्छ टिंगल केली. मग मीही हट्टाला पेटलो. आई मात्र हसली नाही. "झाडावर कसां लागतां, तां बगायचां हाय मला," एवढंच म्हणाली.

गच्चीवर निळा ड्रम अर्धा कापून ठेवला. तळाला भोकं, त्यावर जांभ्या दगडाचे तुकडे, मग माती आणि शेणखत, सगळं आईच्या देखरेखीखाली. तिचा जन्म कलमांच्या बागेत गेलेला, त्यामुळे माझ्या मोबाइलवरच्या माहितीला ती कवडीची किंमत देत नसे. पाणी साचू देऊ नको, पावसात ड्रम आडोशाला सरकव, अशी तिची फर्मानं सुटायची. एक गोष्ट मात्र मी तिला शिकवली. आपल्याकडे सफरचंदाला हवी तशी थंडी पडत नाही, म्हणून मार्गशीर्षात पाणी तोडायचं आणि सगळी पानं हाताने काढायची, म्हणजे झाडाला हिवाळा आल्यासारखं वाटतं. "म्हंजे झाडाला फसवायचां?" असं म्हणत तीही पानं काढायला बसली.

माघात त्या बोडक्या काड्यांवर फुलं आली. मी हरखून गेलो. आईने एकदा बघितलं आणि म्हणाली, "काडून टाक." कलम लहान असताना पहिला मोहोर धरू द्यायचा नाही, नाहीतर झाडाची सगळी ताकद फळात जाते, हा आमच्याकडचा नियम. माझा मोबाइलही तेच सांगत होता. त्या दोघांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. आम्ही मायलेकांनी मिळून सगळी फुलं खुडली. खुडलेली फुलं तिने ओंजळीत धरून चष्म्याजवळ नेली आणि बराच वेळ बघत राहिली. तिला काचबिंदू असल्याचं निदान झालं होतं, डोळ्यांत थेंब घालणं चालू होतं, आणि तेवढ्यावर नजर टिकेल असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो. "फळ पुढच्या वर्षी," मी म्हणालो.

त्या पावसाळ्यात तिची नजर भराभर उतरली. ऑपरेशनही झालं. गेलेली नजर परत येत नसते, हे डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. दिवाळीपर्यंत तिला उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं.

झाडाला त्याचं काय! पुढच्या माघात ते फुलांनी भरून गेलं आणि तीन फळं टिकली. मला त्याचा इतका राग आला, की पाणी घालायलाही वर जाववेना. झाडाची चूक नव्हती, आईची नव्हती आणि नियमही बरोबरच होता. पण एक फूल ठेवलं असतं तर काय बिघडलं असतं? अजूनही हे मनातून जात नाही.

वैशाखात मी तिला हाताला धरून गच्चीवर नेलं. तिने फांदी चाचपली. फळ हाताला लागलं, तसा अंगठ्याने देठ शोधला.

"आंब्यासारखां लोंबत नाय रे," ती म्हणाली. "फांदीला चिकटून बसलां हाय."

मग तिने विचारलं, "रंग कसा आलाय?"

"लाल," मी म्हणालो. एका बाजूला जेमतेम लालसर झाक होती, बाकी ते हिरवंच होतं.

ती फळावरून बोटं फिरवत राहिली.

"फूल गुलाबी होतां," ती म्हणाली. "तां बगितलां मी."