मेंदूतल्या गाठी आणि दोन वेळच्या गोळ्या

"स्टेला, आजार मेंदूत पोचलाय," पडद्यावरचा एमआरआय दाखवत डॉक्टरबाई म्हणाल्या. शेजारी बसलेल्या डॉमनिकने, माझ्या नवऱ्याने, खुर्चीचा दांडा घट्ट धरला.

स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. गिरगावात घर, परळला ऑफिस, सगळं नीट चाललं होतं. मग डोकं दुखायला लागलं. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून चष्मेवाल्याकडे जाऊन आले. पुढे चालताना डावा खांदा दाराच्या चौकटीला आपटायला लागला. चर्चमध्ये गाताना पुस्तकातल्या ओळींची सुरुवातच दिसेना. असं काही होत असेल, तर माझ्यासारखा वेळ घालवू नका. सरळ आपल्या कॅन्सरच्या डॉक्टरकडे जा.

गाठी लहान होत्या, पण एकाहून जास्त होत्या. मेंदूवरची सूज उतरवायला आधी स्टेरॉइड दिलं. त्याने डोकं हलकं झालं, नजरही बरीच सुधारली. मग सगळ्या डॉक्टरांनी मिळून ठरवलं, की माझ्या बाबतीत आधी औषधं देऊन बघायची. रेडिएशन, म्हणजे किरणांचा उपचार, गरज पडली तर.

डॉमनिक उसळलाच. "मेंदूत गेलंय आणि तुम्ही गोळ्या देताय? म्हणजे आता काही होण्यासारखं नाही, असंच ना?"

माझ्याही मनात तेच होतं.

"नाही हो," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मेंदूतल्या रक्तवाहिन्यांची भिंत फार घट्ट असते. तिला ब्लड-ब्रेन बॅरिअर म्हणतात. बरीच औषधं बाहेरच अडतात. या गोळ्या आतपर्यंत काम करू शकतात. यांचा कॅन्सर हर-टू पॉझिटिव्ह आहे. म्हणजे त्या पेशींवर वाढ करायला लावणारं एक प्रोटीन जास्त असतं. या गोळ्यांमधलं टुकॅटिनिब त्यालाच रोखतं."

सोबत कॅपेसिटाबिन ही केमोचीच गोळी, दोन्ही दिवसातून दोनदा, आणि दर तीन आठवड्यांनी त्याच प्रोटीनवरचं ट्रॅस्टुझुमॅबचं इंजेक्शन. हे माझं झालं. तुमचा प्रकार वेगळा असेल, तर औषधही वेगळं असेल. कुणाला आधी रेडिएशन लागतं, कुणाला दुसरं इंजेक्शन. माझी चिठ्ठी बघून औषध मागू नका. 'माझा कॅन्सर कुठल्या प्रकारचा?' एवढं मात्र नक्की विचारा.

जुलाबांनी पहिले काही दिवस हैराण केलं. मग तळहात-तळपाय लाल होऊन सोलायला लागले. याला हँड-फूट सिंड्रोम म्हणतात. डॉक्टरबाईंनी कॅपेसिटाबिन काही दिवस थांबवली, तेव्हा मी रडकुंडीला आले.

"आता गाठी वाढतील ना?"

"औषध झेपलं, तरच ते पुढे चालू ठेवता येईल," त्या म्हणाल्या आणि डोस कमी करून गोळी परत सुरू केली. ते झेपलं.

ऑफिसात परत गेले, तर हजेरीचं मशीन माझं बोट घेईना. सालं निघून ठसेच पुसट झाले होते. चेहरा दाखवला, तर स्टेरॉइडने सुजलेला तो चेहराही त्याला पटेना.

"मॅडम, नक्की तुम्हीच ना?" शिपाई म्हणाला आणि जीभ चावली. मला इतकं हसू आलं, की भिंतीला टेकून उभी राहिले. बऱ्याच दिवसांनी हसले होते.

पुढच्या एमआरआयच्या दिवशी वेटिंग रूममध्ये डॉमनिकची जपमाळ हातातून सुटत नव्हती. आत गेल्यावर डॉक्टरबाईंनी पडद्यावर दाखवलं: काही गाठी दिसत नव्हत्या, उरलेल्या आकसल्या होत्या.

"म्हणजे गेला?" त्याने विचारलं.

"गेला म्हणणार नाही. ताब्यात आहे. औषध चालू, तपासण्याही चालू."

त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही, आणि त्या खोटं बोलल्या नाहीत हे तर मुळीच विसरणार नाही.

एक गोष्ट अजून सांगायची राहिली. आजार मेंदूत गेल्यापासून डॉमनिक माझ्याशी एकदाही भांडला नव्हता. मी काहीही म्हटलं, की "बरं." त्या "बरं"ची मला गाठींपेक्षा जास्त भीती वाटायची.

रिपोर्ट आल्यानंतरच्या रविवारी मी बोंबलाचं कालवण केलं. पहिल्याच घासाला तो ओरडला, "एवढी चिंच घालतात का गं? कितीदा सांगायचं तुला!" आणि एकदम गप्प होऊन माझ्याकडे बघत राहिला.

"थांबलास का? बोल ना," मी म्हणाले.

मग तो बोलला. मीही सोडलं नाही. चिंचेवरून सुरू झालेलं भांडण त्याच्या बहिणीपर्यंत पोचलं. जेवण झाल्यावर त्याने गोळ्या आणि पाण्याचा ग्लास माझ्यासमोर आणून आपटला, आणि मी घेईपर्यंत रागाने बघत तिथेच उभा राहिला.