नवमीचं सोयाबीन

दौलतरावांना आयुष्यात एकाच गोष्टीची किळस होती, 'पंडितजी' या हाकेची.

त्यांचे खापरपणजोबा होळकरांच्या फौजेत घोडेस्वार. घरात देवीचा टाक, आणि दर नवरात्रात नवमीला तिला मटणाचा नैवेद्य. दौलतराव शाळेत पीटीचे मास्तर, पण नाव झालं ते हातच्या चवीमुळे. राऊपासून बेटम्यापर्यंतच्या गावांत कुणाकडे बोकड पडलं, की पहिला निरोप त्यांना. मग गुडघे गेले, आणि मुलाच्या, यशवर्धनच्या, विजय नगरातल्या भाड्याच्या फ्लॅटवर येऊन पडावं लागलं.

त्या सोसायटीत मटण शिजलं की भाडेकरूनं घर खाली करायचं. सेक्रेटरीनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "मराठी हो ना? फिर तो पंडितजी हुए, शुद्ध शाकाहारी!" मराठी म्हटला की भटजी, एवढीच त्या दीडशहाण्याची अक्कल. आणि यशवर्धननं खुशाल मान डोलावली! तेव्हापासून लिफ्टमध्ये 'नमस्ते पंडितजी', पार्किंगमध्ये 'पंडितजी, मुहूर्त बताइए'. दौलतरावांना अंगावर पाल पडल्यासारखं व्हायचं.

यंदा नवमीच्या आदल्या दिवशी यशवर्धन म्हणाला, "बाबा, देवीला सोयाबीनच्या वड्या दाखवू ना. मसाला सेम टाकू. किसी को पता नहीं चलेगा."

"देवीला पता चलेल ना रे!" दौलतराव कडाडले. "उद्या मटणच होणार. आणि कुणी विचारलं तर तोंडावर सांगीन, मराठा आहे मी. पंडित नाही!"

सकाळीच ते पिशवीत पिशवी घालून मटण घेऊन आले. बायकोनं, मंगलाबाईंनी, पातेलं चढवण्याआधी खिडक्या लावल्या, दाराच्या फटीत ओला टॉवेल कोंबला. देवीच्या नैवेद्याला चोराची वागणूक! दौलतरावांना शिसारी आली. त्यांनी टॉवेल उचलून फेकून दिला. वास जिन्यात गेला आणि बेल वाजली.

दारात सेक्रेटरी. "पंडितजी, बड़ी खुशबू आ रही है. क्या बना है?"

मागे यशवर्धननं बापाला हात जोडले. दौलतरावांनी श्वास घेतला, छाती काढली.

"सोयाबीन," ते म्हणाले.

सेक्रेटरी हसत जवळ सरकला. "हमारे घर में तो बनता नहीं. एक डब्बा भिजवा देना, पंडितजी. नल्ली वाला सोयाबीन."

दार लागलं. ह्या माणसावर थुंकावं की आरशात, दौलतरावांना कळेना.

मंगलाबाई नैवेद्याचं ताट घेऊन देव्हाऱ्याकडे निघाल्या होत्या. यशवर्धन आडवा आला. "आई, रुक. आधी त्यांचा डबा भर. सेक्रेटरीनं घरमालकाला फोन केला तर?"

"देवीच्या आधी?" मंगलाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं.

दौलतरावांनी देवीच्या ताटातली नळी उचलली आणि डब्यात टाकली.