सरांच्या कादंबरीवर सिनेमा

वाचनालयाच्या काउंटरवर बसणाऱ्याकडे किस्से आपोआप जमतात. परत आलेली पुस्तकं मी कपाटात लावते, किस्से कुठे लावायचे? आमचं वाचनालय पंचवटीत, भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत. रविवारी सकाळी तिथे चार-पाच जण जमतात आणि लाडक्या कादंबऱ्यांवरून वाद घालतात. सध्या वाद एकच. सिंधूताईंनी सही करावी की नाही?

सिंधूताईंचे यजमान म्हणजे आमचे सर. शाळेत मराठी शिकवायचे. आयुष्यात त्यांनी एकच कादंबरी लिहिली. निवृत्त नवरा रोज सकाळी बायकोसमोर चहा घेत बसतो आणि मनातल्या मनात तिच्याशी बोलतो. दोनशे पानं, बस्स! आमच्याकडे तिच्या तीन प्रती वाचून वाचून झिजल्या. सर जाऊन तीन वर्षं झाली आणि आता एका दिग्दर्शकाला तिच्यावर सिनेमा काढायचाय.

*

"परवानगी नका देऊ ताई!" भामरे अण्णा पहिल्याच दिवशी म्हणाले.

अण्णांची सटाण्याकडे डाळिंबाची बाग. हल्ली मुलाकडे नाशकात असतात. त्यांच्या एका आवडत्या कादंबरीवर सिनेमा आला, तो बघायला अण्णा हौसेने गेले. पडद्यावर दुःखी नायक बागेत आला आणि कात्री घेऊन छाटणी करायला लागला. झाडाला फुलं लगडलेली!

अण्णा थिएटरात उभेच राहिले आणि अहिराणीत ओरडले, फुलावर आलेल्या झाडाला कोणी कात्री लावतं का? "आरे, बहार लागेल शे! ठेव ती कात्री!"

गंमत म्हणजे पुस्तकात छाटणीचा महिना दिलेलाच नव्हता. वाचताना अण्णांनी तो आपल्या मनाने बरोबर धरला होता.

*

सरांच्या कादंबरीतल्या बायकोचं काम कोणी करायचं, यावरून एकदा असं भांडण पेटलं की चहा गार झाला.

मी म्हटलं, ती उंच, सावळी. मीनाताई निवृत्त नर्स, त्यांचा आवाज वॉर्डभर जाणारा. "छे! ठेंगणी आणि गोरी. चष्मा आहे तिला. लिहिलंय तसं!"

"चष्मा नाय," अण्णा म्हणाले. "नाकात चमकी हाय."

शेवटी प्रत काढली. तिघांनी पान न् पान चाळलं. ती दिसते कशी, याबद्दल सरांनी एक अक्षर लिहिलेलं नव्हतं!

सिंधूताई शेजारीच बसल्या होत्या. त्यांच्याकडे आम्ही कोणी पाहिलंसुद्धा नाही.

*

त्याच कादंबरीत चहावर साय धरते, तिथपासून नवरा फुंकर मारून ती बाजूला करेपर्यंत सहा पानं आहेत. तेवढ्यात तो लग्नाच्या मांडवापासून लेकीच्या बाळंतपणापर्यंत फिरून येतो.

"पडद्यावर याला किती वेळ लागेल?" मीनाताईंनी खरंच कपात फुंकर मारून मोबाइलवर वेळ लावला. अकरा सेकंद!

आम्ही हसलो. मग मीनाताईंनी कप खाली ठेवला. सर रोज संध्याकाळी साडेपाचला यायचे. "नवीन काही?" एवढंच विचारायचे, पुस्तक घ्यायचे आणि जायचे. अजूनही साडेपाच वाजले की मी दाराकडे बघते. फार आठवण येते त्यांची.

*

गेल्या रविवारी दिग्दर्शक परवानगीचा कागद घेऊन आला. पस्तिशीचा, कॉलेज रोडवरचा. कादंबरी त्याला जवळजवळ पाठ होती. माणूस भला वाटला.

"काकू, पुस्तकाला धक्का लावणार नाही," तो म्हणाला. "गाणी नाहीत, संवाद नाहीत, पाठीमागून निवेदन नाही. दोन तास नायक तिच्यासमोर नुसता गप्प बसेल. क्लोजअप! त्याच्या मनातलं सगळं चेहऱ्यावरून कळेल!"

खरं सांगते, मला तर पटलंच. अण्णांनीही मान डोलावली.

सिंधूताईंनी पेन घेतलं, टोपण काढलं आणि परत लावलं.

"गप्प बसलेले हे मी एकेचाळीस वर्षं बघितले रे," त्या म्हणाल्या. "चेहऱ्यावरून काही कळलं नाही."